आमच्या कोल्हापूरचा पोसायडन

ग्रीक देवांशी माझी पहिली ओळख सायकलीवरून झाली म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरं तेच आहे. आमच्या वडिलांची सायकल हर्क्युलस होती आणि शेजारच्या मास्तरांची अ‍ॅटलस. अ‍ॅटलसच्या बिल्ल्यावर पृथ्वीचा गोल उचलून धरलेला एक माणूस असायचा. आमच्या आजीला ते अजिबात मंजूर नव्हतं. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर असताना हा कोण मधेच, असं ती विचारायची. पन्हाळ्याचं जुनं नाव पन्नगालय, म्हणजे नागांचं घर, असं सांगतात. तेव्हा शेषाची बाजू घेणं आजीला भागच होतं.

पुढे कळलं, की अ‍ॅटलसच्या डोक्यावर पृथ्वी नव्हतीच, आकाश होतं. देवांशी लढाईत हरल्याबद्दल ते पेलून धरायची त्याला शिक्षा झालेली. हर्क्युलस (ग्रीक लोक त्याला हेराक्लीस म्हणत) एकदा त्याच्याकडे गेला. त्याला सोन्याची सफरचंदं हवी होती. अ‍ॅटलस म्हणाला, तू जरा हे आकाश धर, मी आणून देतो. सफरचंदं घेऊन आला आणि म्हणाला, आता तूच धर बाबा कायमचं. हर्क्युलस म्हणाला, बरं, पण जरा दोन मिनिटं घे, मी डोक्यावर चुंबळ नीट करून घेतो. अ‍ॅटलसने भाबडेपणाने आकाश परत घेतलं आणि हर्क्युलस सफरचंदं घेऊन पसार! ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. चुंबळ शब्दाला पोरं हमखास हसायची. हल्ली चुंबळ म्हणजे काय तेच आधी सांगावं लागतं. असो.

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. या दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली होती. सहावीत आहे, इंग्रजी माध्यम. येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. त्यातलं एक पर्सी जॅक्सनचं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांना माहीत असेल. रिक रायर्डन नावाच्या अमेरिकन लेखकाची ही मालिका आहे, पहिलं पुस्तक २००५ साली आलं. त्यातला पोरगा शाळेत अगदी सामान्य, पण निघतो समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. नातीला त्या पोसायडनचं सगळं कूळ पाठ. जेवताना, झोपताना तेच. शेवटी मी म्हटलं, "अगं, तुझा पोसायडन आपल्या कोल्हापुरात आहे."

तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं, आजी आपली काहीतरी जोडून सांगते आहे.

त्याची गोष्ट पुढे सांगते. आधी या देवांची थोडी ओळख, कारण आमच्या घरच्या बऱ्याच मंडळींनी मला विचारलं की हे झ्यूस-फ्यूस नक्की काय प्रकरण आहे. मी काही त्यातली पंडित नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि आयुष्यभर शाळेत मराठी-इतिहास शिकवला. पण वाचनाची आवड असली की या गावात शिरल्याशिवाय राहवत नाही. आणि ते गाव तसं अनोळखीही नाही. टायटन घड्याळ हातात बांधतो, अपोलोचे टायर गाडीला लावतो, पेपरात पँडोराची पेटी आणि अकिलीसची टाच वाचतो. पंचांगात हर्षलच्या शेजारी नेपच्यून आणि प्लूटो बसलेले असतात. यातला नेपच्यून म्हणजेच पोसायडन आणि प्लूटो म्हणजे त्याचा भाऊ हेडिस, फक्त रोमन नावं धारण केलेले. म्हणजे पत्रिका मांडणाऱ्या आपल्या गुरुजींच्या पंचांगातसुद्धा दोन ग्रीक देव आहेतच की!

तर आरंभी होती गाया, म्हणजे धरित्री, आणि युरेनस, म्हणजे आकाश. त्यांची मुलं टायटन. त्यातला धाकटा क्रोनस याने बापाला गादीवरून खाली ओढलं. मग त्याला भविष्य कळलं, की तुझंच मूल तुला असं ओढणार. झालं! बायको ऱ्हियाला मूल झालं की हा ते गिळून टाकायचा. अशी पाच गिळली. सहाव्या वेळी ऱ्हियाने कापडात धोंडा गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि बाळाला क्रीट बेटावरच्या गुहेत लपवलं. तिथे शेळीच्या दुधावर ते वाढलं. त्याचं रडणं बापाच्या कानी जाऊ नये म्हणून राखणदार ढालींवर शस्त्रं आपटून नाच करायचे. तो झ्यूस.

आता हे ऐकताना तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. कंस, देवकी, टोपली आणि गोकुळ. नातही लगेच म्हणाली, "कॉपी केलंय?" कोणी कोणाची असं मी विचारलं, तर दोन्हीकडची उत्तरं द्यायला ती तयार. मी शिक्षिका असल्यामुळे कॉपी हा शब्द मला जरा झोंबतो. परीक्षेत दोन मुलांचं उत्तर सारखं आलं म्हणजे प्रत्येक वेळी एकाने दुसऱ्याच्या वहीत पाहिलेलंच असतं असं नाही. मात्र कधीकधी दोघांची शिकवणी एकच असते. झ्यूस हे नाव आणि ऋग्वेदातला द्यौस् हा शब्द एकाच मुळाचा, हे भाषेच्या अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. रोमन लोकांचा ज्युपिटर आणि आपला द्यौस् पितर शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा, कानालाच कळतं. पण गंमत अशी, की आपल्याकडे हा द्यौ वेदांतच मागे पडला, इंद्र पुढे आला. तिकडे तोच राजा झाला. स्वभावाने म्हणाल तर इंद्रासारखाच. हाती वज्र, मनात सिंहासनाची धास्ती आणि दुसऱ्यांच्या बायकांवर नजर. त्यात मी फार शिरत नाही, नातेवाईक वाचतात.

झ्यूसने मोठा झाल्यावर बापाला भावंडं ओकायला लावली. मग लढाई, जय, आणि नंतर जे प्रत्येक घरात होतं ते, वाटणी. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं झालं. झ्यूसला आकाश आलं, पोसायडनला समुद्र, हेडिसला पाताळ. जमीन आणि ऑलिंपस पर्वत सामाईक. सामाईक म्हटलं की भांडण आलंच. आमच्याकडे सामाईक विहिरीवरून तीन पिढ्या बोलत नसलेली घरं आहेत.

ऑलिंपस हा खरोखरीचा डोंगर आहे, २९०० मीटरहून उंच. आपलं कळसूबाई १६४६. त्यावर राहणारे मुख्य देव बारा. झ्यूसची राणी हेरा, लग्नाची देवता, आणि तिचंच लग्न सर्वांत दुःखी. अथीना, बुद्धीची आणि युद्धाची, बापाच्या मस्तकातून शस्त्रांसकट निघालेली. जुळी भावंडं अपोलो आणि आर्टेमिस. सौंदर्याची अफ्रोडाइटी आणि तिचा नवरा लंगडा लोहार हेफेस्टस. देवांमध्ये हाताने काम करून घाम गाळणारा तेवढा एकच, म्हणून मला तो आवडतो. निरोप्या हर्मिस, रणाचा एरिस, धान्याची डिमीटर, द्राक्षमद्याचा डायोनिसस. आणि हेस्टिया, चुलीची देवी. तिच्याबद्दल गोष्टी जवळजवळ नाहीतच, पण नैवेद्याचा पहिला घास तिचा. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या गोष्टी कोण लिहिणार!

या देवांचा वेदासारखा किंवा कुराणासारखा एक ग्रंथ नाही. होमरची महाकाव्यं आहेत, हेसिअडने इ.स.पू. सातशेच्या आसपास देवांची वंशावळ काव्यात बांधली आहे, पण गावोगावी गोष्ट बदलते. हे मला कळलं आणि एकदम घरात आल्यासारखं वाटलं. म्हणजे हे सगळं स्थलमाहात्म्यच आहे! आपल्याकडे करवीरमाहात्म्य आहे, तसं प्रत्येक ग्रीक शहराचं आपापलं.

अथेन्सचंच घ्या. शहर कोणाचं यावरून पोसायडन आणि अथीना यांची चढाओढ लागली. जो चांगली भेट देईल त्याचं गाव. पोसायडनने किल्ल्यावरच्या खडकावर त्रिशूळ मारला, पाणी उसळलं. पण ते खारं. अथीनाने ऑलिव्हचं झाड दिलं. झाडाचं तेल दिव्याला, जेवणाला, अंगाला. लोकांनी अथीनाला कौल दिला. पोसायडन रागावला आणि त्याने सगळ्या सपाटीवर पूर आणला. मग अथेन्सकरांनी काय केलं? गाव अथीनाचं, पण त्याच किल्ल्यावर पोसायडनलाही जागा दिली. एरेक्थिअन नावाच्या देवळात त्याच्या त्रिशुळाच्या खुणा म्हणून खडकातल्या खाचा अजून दाखवतात. आमच्या गडावर नाही का पराशर ऋषींची गुहा दाखवत, तसंच.

कोल्हापूरकरांना हे वाचताना टेंबलाई आठवली असेलच. कोल्हासुराचा वध झाल्यावर जयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला बोलावणं राहिलं, ती रुसली आणि टेकडीवर अंबाबाईकडे पाठ करून बसली. मग दर नवरात्रात पंचमीला अंबाबाईची पालखी आपण होऊन तिच्या भेटीला जाते आणि कोहळा फोडला जातो. जगन्माता असली तरी रुसलेल्या बहिणीकडे स्वतः जावं लागतं. आणि कोल्हासुराचंही बघा, मरताना त्याने गावाला आपलं नाव राहावं असं मागितलं आणि देवीने दिलं. हरलेल्याला जागा देण्याची ही रीत मला दोन्हीकडे सारखी दिसते. या गोष्टी रचणाऱ्यांना भाऊबंदकी पक्की ठाऊक असणार.

एक गोष्ट मात्र मला शिकवताना नेहमी जड गेली, ती डिमीटर आणि तिच्या मुलीची. पर्सेफनी फुलं वेचत असताना जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडिस तिला रथातून पळवून नेतो. आई वेड्यासारखी मशाली घेऊन शोधत फिरते. रागाने धान्य उगवायचंच बंद करते. माणसं उपाशी मरायला लागतात, तेव्हा झ्यूस घाबरून मुलगी परत द्यायला सांगतो. पण तोवर तिने तिकडे डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. तिकडचं अन्न पोटात गेलं, म्हणजे ती तिकडची झाली. मग तोड निघते. वर्षातले काही महिने सासरी, बाकीचे आईकडे. ती येते तेव्हा शेतं हिरवी होतात, जाते तेव्हा उजाड.

ही गोष्ट नातीने पुस्तकात वाचली होती ऋतू कसे झाले म्हणून. मी तिला म्हटलं, ही माहेरवाशिणीची गोष्ट आहे. आपल्याकडे भाद्रपदात गौर येते, तीन दिवस राहते, भाजी-भाकरी खाते, पुरणपोळी खाते आणि तिसऱ्या दिवशी जाते. तिला निरोप देताना घरातल्या बायकांचे डोळे का भरून येतात हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. डिमीटरला सहा महिने तरी मिळाले. आमच्या पिढीतल्या आयांना तीन दिवसांवर भागवावं लागे.

तर आता कोल्हापूर.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास तिथे राजाराम कॉलेजातले प्राध्यापक कुंदनगार यांच्या पुढाकाराने खोदकाम झालं आणि पाठोपाठ १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शिस्तशीर उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळचं गाव निघालं. पक्क्या विटांची घरं, विळिवायकुर अशा विलक्षण नावाच्या राजांची नाणी, मणी, भांडी. आणि कांस्याच्या वस्तूंचा एक मोठा साठा. त्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांचं एक देखणं छोटं शिल्प आहे, रोमन घडणीची सुरई आहे, आरसा आहे आणि आहे हा पोसायडन. वीतभरही उंची नाही. दाढीवाला, पिळदार अंगाचा, उघडा, एक हात वर उचललेला. त्या हातात त्रिशूळ असणार, तो आता नाही. लिसिपस नावाच्या थोर ग्रीक शिल्पकाराच्या वळणाची ही प्रतिमा, सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, असं अभ्यासक सांगतात. या ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठीच १९४६ साली कोल्हापुरात संग्रहालय निघालं. पुढे ते टाऊन हॉलच्या त्या उंच निमुळत्या छपरांच्या इमारतीत आलं.

समुद्राचा देव सह्याद्रीच्या अलीकडे कसा आला? जहाजाने. त्या काळी मिसरच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं निघत आणि पावसाळी वाऱ्याच्या जोरावर थेट आपल्या किनाऱ्याला लागत. भडोच, सोपारा, कल्याण, चौल. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून पैठणला, तेरला जाई. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी टिपणात ही नावं आलेली आहेत. इकडून मिरी, सुती कापड, मौल्यवान खडे, हस्तिदंत जायचं. तिकडून दारू, काच, सोन्याचांदीची नाणी यायची. आमचा पन्हाळा तर कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवायलाच बांधलेला किल्ला. तो झाला फार नंतर, पण वाटा जुन्याच असणार, कारण डोंगर काही जागचे हललेले नाहीत.

या परक्या मंडळींना आपले लोक यवन म्हणत. मूळ शब्द आयोनियावरून, म्हणजे ग्रीकांच्याच एका प्रांतावरून आला. इतिहास शिकवताना या एका शब्दाने मला फार दमवलं आहे. मुलांच्या डोक्यात यवन म्हणजे शिवकाळातला शत्रू. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन बघाल, तर तिथल्या कित्येक खांबांवर कोरलंय की हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनाने दान दिला. बौद्ध लेण्याला ग्रीकाने खांब दिला! तिकडे विदिशाजवळ बेसनगरला तर हेलिओडोरस नावाच्या तक्षशिलेच्या ग्रीक वकिलाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. म्हणजे आपल्या वारकऱ्यांचा फार जुना गुरुबंधूच म्हणायचा.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही कोल्हापूरला गेलो. आधी अंबाबाई. सुट्टीमुळे रांग मोठी, दीड तास उभ्या होतो. मग चालत टाऊन हॉल. तिथे शुकशुकाट. बाहेर बागेत म्हातारे पेपर वाचत बसलेले, आत आम्ही दोघी आणि एक चौकीदार. नात काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या पुस्तकातला देव बहुधा वादळासारखा असावा, आणि इथे हा एवढासा. मग हळूच म्हणाली, "आजी, याला शेवटचा नमस्कार कोणी केला असेल?"

चाळीस वर्षं शिकवलं मी, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

सरकारी उत्तर आहे. इ.स. ३९१-३९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली, देवळं बंद झाली. पण ते तिकडचं झालं. आमच्या या मूर्तीला कोणी नमस्कार केला? जहाजावरच्या एखाद्या तांडेलाने उशाशी ठेवली होती का? की इथल्या शेटजींना परदेशी खेळणं म्हणून आवडली? की ओतीव धातू म्हणून आली आणि तांबटाच्या मोडीत पडली? कदाचित इथल्या एखाद्या बाईने त्रिशूळ पाहून त्याला महादेवच समजून बेलाचं पान वाहिलं असेल. शक्य आहे. आपल्या बायका तेवढ्या उदार आहेत.

बसमध्ये तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त अवघड होता. "मग जोतिबा पण मिथॉलॉजी का?"

खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसत होता. शेजारी बसलेल्या काकांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. जोतिबा आमचं कुलदैवत. रत्नासुराला मारणारा, घोड्यावर बसणारा. चैत्राच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर न्हातो, चांगभलंच्या गजरात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी तिला म्हटलं, गोष्ट म्हणशील तर तीही गोष्ट, हीही गोष्ट. पण पोसायडनला आज कोणी नवस बोलत नाही. जोतिबाला मी बोलले होते, तुझ्या बाबाला टायफॉईड झाला तेव्हा. हे उत्तर तर्काला धरून आहे की नाही मला माहीत नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, पोसायडन पण घोड्यांचा देव आहे. हे मात्र अगदी खरं. समुद्राबरोबर भूकंप आणि घोडे ही दोन्ही खाती त्याच्याकडेच होती.

घरी आल्यावर तिने वहीत ऑलिंपसची वंशावळ काढली होती तिच्या पुढच्या पानावर आपल्या देवांची काढायला घेतली. देवघर उघडलं. आमच्या देवघरात चांदीचे पाच टाक आहेत, सासूबाईंकडून आलेले. गेली कित्येक वर्षं रोज मीच त्यांना पाणी घालते. मुलगा म्हणतो, आई, आता एकटी राहू नकोस, पुण्याला ये. त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतलं छोटं देवघर आहे, त्यात गणपती आणि बाळकृष्ण बसले की जागा संपते. टाकांचं काय करायचं यावर आम्ही दोघंही मोकळेपणी बोलत नाही. एका परिचितांनी सुचवलं, सोनाराकडे देऊन सगळ्यांचा मिळून एक करून घ्या. मी विषय बदलला.

नात एकेक टाक उचलून विचारत होती. हा जोतिबा. ही अंबाबाई. हा खंडोबा, याच्या शेजारी म्हाळसा आहे बघ. हा भैरोबा. पाचवा टाक पार झिजलेला. एक बाई उभी आहे एवढंच कळतं, हातात काय आहे ते पुसून गेलंय. "ही कोण?"

सासूबाई तिला नुसतं 'आई' म्हणायच्या. यमाई असेल, असं आमचे हे म्हणायचे, पण खात्रीने नाही. म्हणजे टाऊन हॉलमधल्या त्या देवाची इत्थंभूत माहिती एका अकरा वर्षांच्या मुलीला आहे, त्याची बायको, मुलं, भांडणं, सगळं. फक्त त्याच्यापुढे फूल ठेवणारं कोणी नाही. आणि ही बाई आमच्या घरात रोज दुधाचा नैवेद्य घेते आणि तिचं नाव कोणाला माहीत नाही. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही. नात तिच्या पुस्तकात गुंग होती.

सकाळी थोरल्या वन्संना फोन केला. त्या शहाऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून सांगितल्यावर त्यांना कळलं मी काय विचारते आहे.

"अगं वहिनी, ती होय! ती आमच्या आजीनं माहेराहून आणलेली. कोकणातली. आजीचं माहेर घाटाखाली नव्हतं का."

"नाव काय हो तिचं?"

"नाव? नाव आजीला ठाऊक. होडी बुडायला लागली की तिला हाक मारायचे म्हणे तिच्या गावात." मग पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "तू गुडघ्याला ते तेल लावतेस का, मी सांगितलेलं?"

नातीने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिने वहीत पाचव्या चौकटीत लिहिलं, 'समुद्राची. पणजोबांच्या आईकडची.' बाणही काढला घाटाखालून वर येणारा. वही ती पुण्याला घेऊन गेली आहे. टाक अजून इथेच आहेत. मार्चमध्ये परीक्षा संपली की ती येणार आहे, तेव्हा वन्संच्या आजीचं गाव नक्की कुठलं ते शोधून ठेवायचं काम मला देऊन गेली आहे. आमच्या भाचेमंडळींपैकी कोणाकडे जुनी कागदपत्रं, लग्नपत्रिका, काही असेल तर कृपया कळवा.